गाडीत पाणी घातल्याबद्दल

चिरंजीव भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. पित्ताचा त्रास आता कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अक्षरावरून पित्त खवळलेलंच दिसतंय, तेव्हा तिखट आणि चिडचिड दोन्ही टाळा. जाऊबाईंची कंबर धरली होती, ती सुटली असावी. माझी तब्येत उत्तम आहे. (तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राची रीत म्हणून सांगते. तुमच्या पत्रात पानंच्या पानं गाडीच्या तब्येतीची चौकशी आहे, त्यात माझ्यासाठी जागा उरली नसणार.) खरं तर हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. ही सवय तुमच्या घराण्यातच आहे. पत्राचं बरं असतं, कितीही राग आला तरी वाचणाऱ्याला मधे बोलता येत नाही.

'दादाच्या गाडीला हात लावायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?' असं तुम्ही विचारलंत. पुढे 'खून' असा शब्द लिहून त्याखाली रेघ मारलीत, ती इतक्या जोरात की कागद फाटला. आता खून म्हटला की तो कुणी केला, हे नीट बघायला हवं. म्हणून झालं ते सगळं पहिल्यापासून सांगते.

हे गेले, त्यानंतर जुन्या गाड्यांच्या मंडळातले यांचे मित्र भेटायला आले. बसले बैठकीत, पण सगळ्यांची तोंडं गॅरेजच्या दिशेला. अध्यक्ष म्हणजे ते दातांचे डॉक्टर, तुम्ही त्यांना ओळखता. माझा हात हातात घेऊन जड आवाजात म्हणाले, "वहिनी, आठवड्यातून एकदा तरी चालू करायला हवी. नुसती उभी राहिली तर जाम होईल." क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत. मग दर रविवारी सकाळी मंडळ हजर. गाडी चालू करायची, मागचं झाकण उघडायचं आणि डोळे मिटून इंजिनचा तो फटफटाट ऐकत उभं राहायचं. मी चहा घेऊन गेले की एक जण डोळे न उघडता कप घ्यायचा. या गाडीला पाणी लागत नाही, ती नुसत्या वाऱ्यावर गार होते, हे तुमच्या दादांचं आवडतं वाक्य तिथे प्रत्येक जण एकदा तरी म्हणायचा. इंजिन मागे, सामान पुढे, आवाज सगळीकडे, असं त्या गाडीचं माझ्यापुरतं वर्णन आहे, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मला त्या गाडीबद्दल काय वाटतं ते तुम्ही पत्रात स्वतःच ठरवून टाकलंत ('तुम्हालाही ती पोटच्या पोरीसारखी होती'), म्हणून थोडं सांगते. आमच्या शेजारणींना तुमच्या दादांचं फार कौतुक होतं. मी गाडीत बसले की हे वळसा घालून माझ्या बाजूला यायचे आणि दार स्वतः हळूच लावायचे. उतरतानाही तेच. केवढे सभ्य गृहस्थ, म्हणायच्या. मी दार आपटते आणि बिजागरी ढिली होते, असं लग्न झाल्या झाल्या ठरलं होतं, आणि त्यानंतर त्या दाराला मला हात लावू दिलेला नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात टॅक्सीने गेले, कारण दुपार होती, मधे चढ होता आणि गाडी तापली असती. परत आले तीही टॅक्सीनेच. गाडी त्या दिवशी नुकतीच धुतलेली होती.

असो. एका रविवारी अध्यक्षांना आवाज जरा 'कोरडा' वाटला. ते आत बसले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, तो दाबूनच धरला. दाढ उपटल्यासारखा आवाज झाला (त्यांना तरी तो ओळखीचा वाटायला हवा होता), मग काहीतरी खडखडत खाली पडलं आणि गाडी बंद झाली. झाकणाखाली तेलाचं थारोळं. मंडळींनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. खजिनदार रुमालात तोंड खुपसून रडले. हेच गृहस्थ यांच्या अंत्यविधीला मोबाइलवर हवामान बघत होते. तेव्हा खुनाचा तपास करायचाच असेल तर तो दातांच्या दवाखान्यापासून सुरू करा. परदेशातून भाग मागवायचा आणि तोवर कुणी हात लावायचा नाही, असा ठराव झाला. भाग आला नाही. मंडळ मात्र येत राहिलं. चालू करायला काही उरलं नव्हतं, म्हणून नुसते बघत उभे राहायचे. चहाचं प्रमाण तेवढंच होतं.

त्याच सुमाराला आमच्या कोपऱ्यावरचा बसथांबा हलवून पुलापलीकडे नेला. माझे गुडघे पुलापलीकडे जात नाहीत. गॅरेजमधे गाडी आहे आणि मला चालवता येते, हे एका सकाळी भाजी नसताना माझ्या लक्षात आलं. तुम्हाला माहीत नसेल, लग्नाआधी मी आमच्या लाँड्रीची व्हॅन चालवायची, मागे कपड्यांचे गठ्ठे भरून, उलटीसुद्धा. तुमच्या दादांना माहीत होतं. "ही गाडी वेगळी असते," म्हणायचे.

चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं. याला सगळे 'होऊन-जाईल' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो हेच उत्तर देतो. म्हटलं, यात साधं, कुठेही दुरुस्त होणारं, पाण्याचं इंजिन बसेल का? "होऊन जाईल." मोडेल का गाडी? "होऊन जाईल." हे जरा काळजीचं वाटलं, पण तोवर तो खाली सरकला होता. त्याच्याकडे बेकरीच्या व्हॅनचं इंजिन होतं. व्हॅन भिंतीवर आदळली, त्यात भिंत आणि व्हॅन दोन्ही गेल्या, इंजिन तेवढं ठणठणीत राहिलं. मला त्यात आशा वाटली.

पुढचं मी तुम्हाला थोडक्यात सांगणार होते, पण तुम्ही 'सविस्तर खुलासा' मागितला आहे. जुन्या गिअरबॉक्सचे आणि नव्या इंजिनचे बोल्ट एकमेकांसमोर येईनात. मग लेथवाल्याकडून मधे बसवायला एक जाड पत्रा कापून आणला, तो उलटा कापलेला निघाला. दुसरा सुलटा आला, तर इंजिन लांबीला जास्त. मागचं झाकण मिटेना. होऊन-जाईलने स्वयंपाकघरातून माझं लाटणं उचललं आणि झाकणाच्या फटीत अडकवलं. 'हवा पण खेळती राहील' म्हणाला. ते लाटणं अजून तिथेच आहे, मी नवीन आणलं. मग पाण्याचा रेडिएटर. इंजिन मागे, पण समोरून वारा लागायला रेडिएटर पुढे, म्हणजे जिथे सामान ठेवायचं तिथे. मधे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप. आता त्या गाडीत सामान मागच्या सीटवर बसतं आणि माणसं बेताने. या सगळ्यात जुनं इंजिन काढून ठेवायला जागा नव्हती. "तात्पुरतं आत ठेवतो," म्हणत त्याने आणि लेथवाल्याने ते उचलून जेवणघरात आणलं आणि खिडकीजवळ ठेवलं, जिथे तुमचे दादा बसायचे. खाली वर्तमानपत्रं घातली आहेत. जेवताना ते माझ्यासमोर असतं. काही बोलत नाही, मधूनमधून तेल गाळतं. फारसा फरक पडलेला नाही.

पहिल्या दिवशी मी गाडी घेऊन बाजारापर्यंत गेले. येताना काटा लाल रेघेला लागला आणि पुढच्या झाकणातून वाफ यायला लागली. गाडी थांबली ती बरोबर अध्यक्षांच्या दवाखान्यासमोर. (यात माझा काही हेतू नव्हता.) अध्यक्ष तोंडाला मास्क लावून बाहेर आले, मागोमाग छातीवर कागदी रुमाल लावलेला, अर्धा गाल बधिर झालेला पेशंट. अध्यक्षांनी मागे जाऊन फटीतून आत बघितलं. लाटणं बघितलं. मास्क असल्यामुळे चेहऱ्याचं सांगता येत नाही, पण ते बराच वेळ वाकलेले होते. मी पाणी मागितलं. दवाखान्यात चूळ भरायचे ते चिमुकले पेले असतात, त्यातून त्यांची नर्स, मी आणि तो पेशंट, आम्ही गाडी थंड होईपर्यंत येरझाऱ्या घालत पाणी आणून ठेवलं आणि मग ओतलं. अध्यक्षांनी एकही पेला आणला नाही. "वहिनी, पाणी?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. तुम्हाला फोन त्यांनीच केला, हे मी ओळखलं आहे.

होऊन-जाईलने निदान केलं की पाइपात एअर धरली आहे. जी गाडी जन्मभर वाऱ्यावर जगली तिला आता एक बुडबुडा सोसेना. इंजिनची बाजू वर करून हवा काढायची असते, म्हणून वाचनालयाच्या उतारावर ती उलटी चढवली (मी चढवली, तो फक्त हात हलवत होता). ग्रंथपाल बाई शांततेची पाटी दाखवत बाहेर आल्या. होऊन-जाईल पाइप पिळत राहिला, आणि शेवटी गाडीने असा काही ढेकर दिला की ग्रंथपाल बाई आत निघून गेल्या. त्यानंतर काटा जागचा हलला नाही.

मग मी टेकडीवर गेले. तुम्हाला आठवत असेल, दर रविवारी हे मला टेकडीवर न्यायचे, म्हणजे खालच्या वळणापर्यंत. तिथे गाडी फिरवायची, कारण पुढे ती तापेल. "वरून सगळं गाव दिसतं," म्हणायचे. कित्येक वर्षं मी त्या वळणावरून वर बघत आले. आता बेकरीच्या इंजिनावर सरळ वर गेले, दुसऱ्या गिअरमधे, गाणं गुणगुणत. वर काय आहे सांगू? पाण्याची टाकी आहे. तिच्याभोवती जाळी आहे, कचरा टाकू नये अशी पाटी आहे, पाटीखाली कचरा आहे. एक बाक आहे, तो टाकीकडे तोंड करून ठेवलेला आहे. गाव झाडांमुळे दिसत नाही. हेसुद्धा कधी वर गेले नव्हते, हे मला तिथे कळलं. मी उतरले आणि दार आपटलं. परत उघडलं आणि परत आपटलं. बिजागरीला काही होत नाही, भाऊजी.

येताना मात्र वेगळंच झालं, ते तुम्हाला सांगावं की नाही याचा विचार करत होते. नवीन इंजिनचा आवाज नाही. मला तो जुना फटफटाट कधीच आवडला नव्हता, त्याने कान बधिर व्हायचे, एकमेकांचं बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी गाडी इतकी शांत चालली होती की शेजारच्या सीटवरचा कुणी साधा खोकला तरी ऐकू आला असता. तेव्हा लक्षात आलं, आवाजाचं आम्हा दोघांना बरं पडत होतं. तो होता म्हणून आम्हाला बोलावं लागत नव्हतं. हेच इंजिन वेळेवर बसवलं असतं तर आमच्याकडे बोलायला काही नाही हे पहिल्याच वळणावर उघडं पडलं असतं, किंवा निदान काहीतरी बोललो तरी असतो. यातलं कोणतं झालं असतं ते आता होऊन-जाईलही सांगू शकणार नाही.

तेव्हा गाडी पूर्ववत करण्याचा तुमचा आग्रह मला मान्य नाही. 'घराण्याची ठेव' वगैरे तुमच्याकडे असू दे, मला पुलापलीकडे जायचं असतं. यापुढे या विषयावर मला कुणाची मदत नको आणि सल्लाही नको, हे स्पष्ट लिहिते. तुमच्याकडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपापलं बघून घ्यावं.

तुमची,
वहिनी

ता. क. पाकीट बंद करणार होते, पण एक लिहायचं राहिलं. गाडी सध्या वाहतूक पोलिसांच्या आवारात आहे. पुलावर तपासणी चालू होती. गाडीच्या कागदावरचा इंजिन नंबर आणि गाडीतल्या इंजिनचा नंबर जुळत नाही, आणि गाडीतला नंबर ज्या व्हॅनचा आहे ती सरकारदरबारी भंगारात निघालेली आहे. शिवाय लाटणं हा संशयास्पद मुद्दा ठरला. गाडी तुमच्या दादांचीच आहे आणि हा सगळा बदल घरच्यांच्या पूर्ण संमतीने झाला, असं घरातल्या कुणीतरी येऊन सांगायला हवं. घरातले म्हणजे आता तुम्हीच. तुम्ही मनापासून खोटं बोलू शकता, हे मी तुमच्या लग्नाच्या बैठकीत पाहिलं आहे. लवकर या.

ता. क. दोन. येताना दोन धडधाकट माणसं आणा. जुनं इंजिन साहेबांना प्रत्यक्ष बघायचं आहे, आणि होऊन-जाईल त्या दिवसापासून फोन उचलत नाही.

ता. क. तीन. साहेब तसे सभ्य होते, खुर्ची दिली. तुमच्याकडे रीतसर पत्र येईल, त्यात माझ्याबद्दल जे लिहिलं असेल ते वाचून दचकू नका. त्यांनी फक्त एकच साधा प्रश्न विचारला होता, "बाई, ही गाडी तुमचीच कशावरून?" मी उत्तर शोधायला जरा जास्तच वेळ घेतला, आणि तिथेच त्यांना माझा संशय आला.