रिकाम्या खोक्यासमोर

प्रिय ठमे,

फोन करून उपयोग नाही. तू नुसतं हं हं करतेस आणि मग तुझी ती मैत्रीण जेवायला हाक मारते. म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर तिच्याकडून वाचून घे, मला लाजबीज नाही.

माझं म्हणशील तर गुडघा आहे तसाच. शिवणाचं मशीन झाकून ठेवलंय, पाय मारवत नाही. शेजारीण रोज विचारते, मुलगी कुठाय. मी सांगते, मावशीकडे गेली, तिथे ताप आला. पंधरवडाभर कुणाला ताप असतो गं? काल तिने मला दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवलं. खोटं बोलायलासुद्धा अंगात ताकद लागते, आणि ती आता माझ्यात नाही.

त्या दिवशी तू कॉलेजात शिकवून आलीस, चप्पल न काढता ओट्याशी उभी राहिलीस आणि सांगत सुटलीस. मला कळलं ते असं. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली चिमण्यांसाठी लाकडी खोकं ठोकलं होतंस. आत पिल्लं होती. वर्गातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने समोर बसायचं आणि आईबाप चोचीत काय आणतात ते लिहायचं. पोरांनी लिहिलं, अळी आणली, टोळ आणला, बापाने जास्त आणलं, आईने कमी. आठवड्याने तू शिडी लावून बघितलंस, तर पिल्लं कधीचीच वाळून गेलेली. मुंग्यांनी पहिल्याच दिवशी कारभार आटोपला होता. त्यानंतर चिमण्या तिकडे फिरकल्याही नव्हत्या आणि अख्ख्या वर्गाने त्यांना जेवण वाढायला लावलं होतं. मला तर हसूच आलं होतं. तुझा चेहरा बघून गिळलं.

मग तू पिशवी भरलीस. म्हणालीस, आता शिकवणं बास, मैत्रिणीबरोबर नुसती जनावरं बघत बसणार, जनावरं खोटं बोलत नाहीत. तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून आता लिहिते. पण तूच नाही का सांगितलं होतंस, टिटवी पिल्लं वाचवायला पंख मोडल्याचं सोंग करते, कुत्र्याला लंगडत लंगडत लांब नेते? ते काय खरं बोलणं झालं? सांगताना तू या खोलीत लंगडून दाखवलं होतंस, खुर्चीला अडखळली होतीस. टिटवीचं तुला कौतुक, आणि पोरांनी केलं की घर सोडायचं.

त्यांची बाजू घेत नाही मी. दोन-दोन द्यायला हव्या होत्यास, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच बसवायचं होतंस. तू जास्त मनाला लावून घेतेस. वडिलांवर गेलीस.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तुझ्या वर्गातली एक पोरगी आली. लांब वेणी, दप्तर पोटाशी धरलेलं. बस म्हटलं तर खुर्चीच्या अगदी कडेला बसली. माफी मागायला आली असेल असं वाटलं. मागितली नाही. म्हणाली, तिच्या पाळीला ती दोन दिवस बसली, पापणी न लववता, पण एक चिमणी आली नाही. बाकीच्यांना विचारलं तर कुणी अळी सांगितली, कुणी टोळ. मग तिनेही अळी लिहिली. आणि मला विचारलं, "आजी, काहीच दिसलं नाही तर काय लिहायचं असतं?"

हे काय विचारणं झालं, मी म्हटलं, काही दिसलं नाही असं लिहायचं. तर म्हणाली, "पण सगळ्यांना दिसलं आणि मला एकटीलाच नाही, म्हणजे माझंच बघणं चुकलं ना?"

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, मला काय येणार? चहा करते म्हटलं. ती नको म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी येते, दारातूनच विचारते, मॅडम आल्या का. नाही म्हटलं की मान हलवते आणि जाते. पोरगी चिवट आहे. बाकीचे कुणी आले नाहीत, ती येते.

आणि काल प्राचार्यांचा फोन आला. सोमवारपासून वर्ग दुसऱ्या बाईंना द्यायचा का, असं स्पष्ट विचारलं त्यांनी. तापाचं ओठावर आलं होतं. पण सांगितलं नाही. म्हटलं, ती येणार की नाही मला ठाऊक नाही. सोमवारी सकाळपर्यंत थांबतो म्हणाले. म्हणून हे पत्र, आणि म्हणून उद्याच्या गाडीने पाठवते आहे, तिकडे जाणारा ड्रायव्हर ओळखीचा आहे. नोकरी सोडायची तर सोड, मी आडवी येणार नाही. पण प्राचार्यांना तू तुझ्या तोंडाने सांग, माझ्याकरवी नको. त्या पोरीला सोमवारी सकाळी लवकर ये म्हणून सांगितलंय मी. दार मी उघडणार नाही, माझा गुडघा दुखतो. तू उघड.

तुझीच, वाट बघून दमलेली,
आई