माणूस असेल तर चिडेल

३ ऑगस्ट, रविवार

आमच्या इन्व्हर्टर-सोलरच्या फोरमवर आज पुन्हा एआयने लिहिलेली कॉमेंट. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं, एवढाच प्रश्न. त्यावर पानभर उत्तर — आधी प्रश्नाचं कौतुक, मग मुद्दे, शेवटी 'काळजी घ्या'. अरे, मी शनिवार पेठेत बॅटऱ्या विकतो, आजवर एकाही गिऱ्हाइकाचं कौतुक केलेलं नाही! उडवली.

इंद्रजीतने होकार दिला, वर मेसेज : "माधवराव, सगळे उडवलेत तर भांडायचं कोणाशी?" हसलो. हा सांगलीचा. गेल्या वर्षीपासून माझ्याबरोबर फोरमची राखण करतो. काही काढायचं किंवा परत लावायचं तर आमचा दोघांचा होकार लागतो. भेट कधी झाली नाही. पण दिवसभरात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते त्याच्याशीच.

बायको म्हणाली, "दुकानात आलेल्या माणसांना हाकलता आणि तिथे माणसं शोधत बसता." मंदाकिनीला फोरम कळत नाही.

५ ऑगस्ट

युक्ती सापडली! भाषा-बिषा तपासत बसायचंच नाही. सरळ अपमान करायचा. माणूस असेल तर चिडेल. यंत्र आभार मानतं.

आज चौघांवर करून पाहिलं. दोघांनी माझा यथेच्छ उद्धार केला — ते राहिले. दोघांनी 'आपला मुद्दा रास्त आहे' म्हटलं — ते गेले. इंद्रजीत म्हणाला, "पाटी लावा वर. अपमान मोफत, घरपोच."

८ ऑगस्ट

बद्रीनाथ, मांजरी. सोलरवर लिहितो. बरेच दिवस डोळा होता याच्यावर. प्रत्येक कॉमेंट 'आदरणीय'ने सुरू, 'आपला नम्र'ने शेवट. कॉमेंट आहे की रजेचा अर्ज? आज सगळ्यांदेखत विचारलं, "हे ज्ञान कुठल्या गिरणीतून दळून आणलंत?"

उत्तर : "आदरणीय सर, आपला अनुभव मोठा आहे. माझे चुकत असल्यास कृपया मार्गदर्शन करावे."

आणखी दोन शेलके शब्द टाकले. पुन्हा तेच — क्षमस्व, धन्यवाद!

इंद्रजीत म्हणाला, "एवढा मान तर सासुरवाडीतही मिळत नाही. काढा." त्याचं सगळं लिखाण काढलं आणि नावावर ठळक शिक्का मारला : 'हे खाते यंत्र चालवते.' कोणीही उघडलं तरी दिसेल असा. बरं वाटलं.

१० ऑगस्ट

गिऱ्हाईक नाही. इंद्रजीतशी गप्पा.

१३ ऑगस्ट

बद्रीनाथ दुकानात आला.

तिशीचा असेल. हातात हेल्मेट, बोटांना सिमेंट. फोरमवर माझ्या नावाखाली दुकानाचा पत्ता आहे, तो विचारत विचारत आला. पायरीवरूनच म्हणाला, "सर, मी बद्रीनाथ. तुमी मले यंत्र म्हनलं."

मी खुर्ची पुढे केली.

वाशीमचा आहे. इथे गच्चीवर सोलर बसवायची कामं करतो. एका कंपनीत सुपरवायझरची जागा होती. शिक्षण कमी, म्हणून त्याने फोरमवरचं आपलं लिखाण दाखवायचं ठरवलं. तिथल्या साहेबांनी त्याच्यासमोरच उघडलं — आणि वर माझा शिक्का! "ते हासले सर. म्हनले, यंत्राले काय नोकरी द्याची?"

"अहो, मग चिडला का नाहीत? मी इतकं बोललो तुम्हाला!"

"चिडलो ना सर. जेवन गेलं नाही मले. पन मोठ्या मानसाले उलटून कसं लिवाव? शाळेत अर्ज लिवाले शिकवलं, तसंच लिवतो. दुसरं येत नाही."

चहा मागवला. घेतला नाही. जाताना मात्र वाकून नमस्कार केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जागा अजून भरलेली नाही, आठवडाअखेर भरतील म्हणाला. म्हणजे वेळ आहे. त्याचा नि कंपनीचा पत्ता-नंबर लिहून घेतला आणि त्याला शब्द दिला — शिक्का काढतो, कंपनीला स्वतः लिहितो.

१४ ऑगस्ट

इंद्रजीतला सगळं सविस्तर लिहिलं. शिक्का काढू, लिखाण परत लावू, आपण दोघांनी चूक कबूल करू. त्याचं उत्तर : "दुकानात रडायला कोणीही येतं. तुम्ही बॅटऱ्या विकता की रुमाल?"

फोन नंबर मागितला. "सांगलीत अजून तारा टाकतायत." एरवी हसलो असतो.

१५ ऑगस्ट

पुन्हा विनवलं. म्हटलं, मी सांगलीला येतो, समोरासमोर बोलू, पण या माणसाची जागा जातेय हो! "या की. आणि पेठेतला पाहुणचार बरोबर आणा. म्हणजे रिकाम्या हाताने या."

पहिल्यांदाच त्याचा संताप आला. कोणाचा जीव टांगणीला लागलाय आणि याला कोट्या सुचतात! मग लक्षात आलं, मी बद्रीनाथशी याहून वेगळं काय वागलो?

फोरमचा मालक आनंद बाणेरला असतो. त्याला मेल केली — इंद्रजीत अडून बसलाय, तुम्ही मध्ये पडा. उत्तर नाही. कंपनीलाही कालच मेल केली होती. तिकडून विचारणा आली, मग शिक्का अजून कसा?

१८ ऑगस्ट

दुकान बंद ठेवून मांजरीला गेलो. बद्रीनाथच्या खोलीला कुलूप. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "त्ये गेलं की वाशीमला. दुसऱ्याला घेतलं म्हनं कंपनीनं. सामानबी नेलंय."

तिथूनच फोन लावला. माफी मागितली. आनंदला पुन्हा लिहितो म्हटलं.

"राहू द्या सर. तुमी इतके दूर आले. धन्यवाद."

शिवी द्यायला हवी होती त्याने. मी ऐकून घेतली असती.

२० ऑगस्ट

आनंदची मेल आली. "सॉरी काका, ट्रिपला होतो. शिक्का काढलाय. आणि इंद्रजीतचं मनावर घेऊ नका, तो आमचा एआय आहे. फोरमवर जरा जान यावी म्हणून बसवला. तुमच्याच जुन्या कॉमेंट देऊन शिकवलाय त्याला — वाटलं, तुमचं छान जमेल."

मंदाकिनीने विचारलं, "काय हो, चेहरा का असा झालाय?" एक टोमणा ओठांवर आला. अगदी इंद्रजीतने दिला असता तसा. गप्प बसलो.