खिडकीसमोरची जंप

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून राग वहीत काढायचा, माणसांवर नाही.
कारण, सकाळी वर्लिनच्या दिशेने दाताळं फेकलं. लागलं नाही. वर्लिन म्हणजे आमच्या टेकडीवरच्या स्की-पार्कचा मुख्य. जंप कुठे, घसरायच्या लोखंडी रेल कुठे, सगळं तो ठरवणार आणि आम्ही दाताळ्यांनी बर्फ सारखा करत बसणार. वाटलं, हाकलतोय आता. उलट म्हणाला, सोरेन, एवढी अक्कल उतू जातेय ना, मग बावीस मार्चच्या मेळाव्याची लाईन, वरपासून खालपर्यंतची खेळायची वाट, तूच आख. पोरांना आवडली तर पुढच्या हिवाळ्यात पार्क तुझं. नाही आवडली तर दाताळं तुझं, आणि ते फेकायचं नाही.
शेवटी कुणीतरी गुण ओळखले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मिनियापोलिसचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं ते उत्तमच झालं. प्रोफेसर म्हणाले होते, तुझा पूल कागदावरसुद्धा पडेल. मी म्हणालो, तुमच्यावर पडो. (तोंडावर नाही. जिन्यात. ते वरच्या मजल्यावर होते.)
लाईन ब्रिटासाठी बांधायची. हे कुणाला कळू द्यायचं नाही. ब्रिटा उलट्या तोंडाने रेलवर चढते आणि जांभई देत असल्यासारखी उतरते. आमच्या टेकडीवर तिच्या तोडीचं कुणी नाही. एरवी कँटीनच्या खिडकीत फ्राइज विकते. मंगळवारी तिने मला न मागता जास्तीचं केचप दिलं.

१ मार्च, शनिवार
ब्रिटाला विचारलं, फक्त कामापुरतं, की तुम्हा लोकांना पार्कमध्ये काय आवडतं. ती हातमोज्यांना चिकटपट्टी लावत होती. वर ओढून नेणारी फिरती दोरी धरून धरून आमच्या सगळ्यांचेच हातमोजे फाटतात. मान वर न करता म्हणाली, हे बघ बाबा, मोठं काही नको. छोटं चालेल, पण पुन्हा पुन्हा पाहिजे. खाली आलं, दोरी धरली, परत वर. आणि एकमेकांना दिसलं पाहिजे, नाहीतर मजा काय?
पुन्हा पुन्हा. एकमेकांना दिसलं पाहिजे.
आता याहून स्पष्ट मुलीने काय बोलायचं?
निर्णय: एकच जंप. प्रचंड. बरोब्बर कँटीनच्या खिडकीसमोर. ब्रिटा त्यावरून उडून खाली आली की तिथेच मनातलं सांगून टाकायचं.

४ मार्च, मंगळवार
वर्लिन म्हणतो, अरे येड्या, तो दक्षिणेचा उतार. मार्चमध्ये दिवसभर ऊन खातो. तुझी जंप मागे दोरीशेजारी घे, सावलीत. मी म्हणालो, तिथून दिसत नाही. तो म्हणाला, कुणाला? मी रागावलो नाही. नुसता पाय आपटला. तो गुडघ्यापर्यंत बर्फात गेला. वर्लिननेच काढला.

९ मार्च, रविवार
वर्लिन यंत्राने बर्फ ढकलून देतोय आणि तोंडाने पुटपुटतोय. जंप आता घराएवढी झाली आहे. दोरीकडची पोरं बघायला आली. एक म्हणालं, दादा, धान्याचं कोठार बांधताय का? दुसरं म्हणालं, नाही रे, दादा स्वतःचा पुतळा उभारतोय, हा चौथरा. कलेची जाण शाळेत शिकवत नाहीत.
मग सगळी गेली त्या पाइपाकडे. दोरीशेजारी बर्फात अर्धा पुरलेला गंजका पाइप आहे. दिवसभर त्याच्यावर घसरत होती. ब्रिटासुद्धा. पोरांचं मन मोडवत नसेल तिला.

१५ मार्च, शनिवार
आमच्यात जो बांधतो तो पहिला उडतो. पहाटे गेलो. उतार काचेसारखा कडक. काय उडालो! मधली सपाटी पार करून थेट पलीकडच्या उतारावर, लोण्यासारखा. दुर्दैवाने खिडकी बंद होती. बघायला फक्त वर्लिन, हातात कॉफी. म्हणाला, पहाटे कुणीही उडेल रे. मेळावा दुपारचा आहे.
माणसाने इतकं जळू नये.

२२ मार्च, शनिवार, सकाळ
ऊन पडलंय. हवामानखात्यावर विश्वास ठेवला हीच चूक.
काळजीचं कारण नाही. मऊ बर्फावर मीठ टाकलं की तो घट्ट होतो, हे आमच्या धंद्यातलं बाळसुद्धा जाणतं. टेकडीचं सगळं मीठ टाकलं. कमी पडलं. कँटीन अजून उघडायचं होतं, म्हणून तिथलंही नेलं. मोठ्या कामासाठी विचारत बसायचं नसतं.

तीच तारीख, संध्याकाळ
दगा.
दुपारपर्यंत मिठाचा गुण संपला आणि उताराची लापशी झाली. नियम असा की आधी एकाने न उडता नुसतं टोकापर्यंत यायचं आणि वेग पुरतो का ते पाहायचं. ब्रिटा आली. वेग वाटेतच मेला. टोकावर ढकलत ढकलत पोचली, वाकून पलीकडे पाहिलं. मग वर थांबलेल्यांकडे वळली आणि दोन्ही काठ्या डोक्यावर आडव्यातिडव्या धरल्या. आमच्यात त्याचा अर्थ एकच: बंद. कुणी येऊ नका.
सगळ्या गावाने पाहिलं. जागा मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशीच निवडली होती.
मग अख्खा मेळावा पाइपावर झाला. लोक हसले, ओरडले, दोरीला रांग लागली. माझ्या जंपबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तक्रार एकच, फ्राइज अळणी का.
ब्रिटाला गाठलं. म्हणालो, एकदा, माझ्यासाठी तरी उडायचं होतंस. ती म्हणाली, सोरेन, गुडघे माझे आहेत. त्या सपाटीवर कुणी आपटलं असतं म्हणजे? आणि माझं मीठ कुठंय?
जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

२३ मार्च, रविवार
नोकरी सोडली. वर्लिन म्हणाला, बरं, उद्या जरा लवकर ये, बर्फ ओला आहे.

२५ मार्च, मंगळवार
हद्द झाली. पुढच्या हिवाळ्यात पार्क ब्रिटाचं! वर्लिन म्हणाला, तू बघणाऱ्यासाठी बांधलंस, ती खेळणाऱ्यांसाठी बांधेल. इतकी वर्षं वाट पाहत होतो की कुणीतरी पोरांना विचारेल. मी म्हणालो, विचारलं मीच होतं! तो म्हणाला, हो ना, मग ऐकायचं पण होतंस.
माझी जंप फोडून तिचा बर्फ दोरीशेजारी सावलीत ढकलला. बुटके उंचवटे, दोन रेल, मग पाइप. दाताळं माझ्याच हातात. ब्रिटा म्हणाली, कडा तुझ्याइतक्या साफ कुणी करत नाही हं. मी गप्प राहिलो, म्हणजे जखम किती खोल आहे ते तिला कळावं. बराच वेळ गप्प होतो. ती जेवायला निघून गेली.

३० मार्च, रविवार
टेकडीचा शेवटचा दिवस. निश्चय होता: तिच्या लाईनीला स्की लावायची नाही.
एकदा तपासणी म्हणून गेलो. उंचवटा, रेल, उंचवटा, रेल, पाइप, आणि पाइप संपतो तिथेच दोरी. हात आपोआप गेला. दुसऱ्यांदा गेलो, कारण पहिल्यांदा रेलवर तोल गेला होता आणि पोरं हसली होती. तिसऱ्यांदा हसली नाहीत. पुढे मोजलं नाही.
दुपारी खाली ब्रिटा एकटी उभी होती. ऊन मागून येत होतं. म्हणाली, सोरेन, खरं सांग, कशी झालीय? महिनाभर जे मनात घोळवत होतो ते सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.
मी म्हणालो, जरा सरक ना, माझा नंबर जाईल.
वर्लिन फितूर, ऊन फितूर, ब्रिटा फितूर. माझ्या बाजूने एक मीच उरलो होतो. आज तोही गेला.