भागूबाईची नथ आणि आपली सगुणाआत्या

मु. भवानीनगरजवळचा मळा,
संक्रांतीनंतरचा गुरुवार

सौ. विहीणबाई चंद्राबाई यांना प्रयागबाईचा हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सारी उसाच्या गाड्यांच्या धुरळ्यासकट खुशाल आहोत. आबाजीरावांचा खोकला कसा आहे? (अडुळशाचा काढा घेत नसतील. आमचेही घेत नाहीत. पुरुषांना औषध पाजणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं.) तुमची लेक सारजा सुखरूप आहे आणि आता तर मान ताठ करून पाण्याला जाते. ‘आता’ का म्हटलं, ते पुढं येईलच.

मागल्या खेपेला तुम्ही सगुणाआत्याच्या गोष्टींची तीन पुस्तकं आणलीत आणि हातात देता देता हसलात, की विहीणबाई, या वयात पोथी वाचायची की चोरांच्या भानगडी? आता ऐका. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून अक्षरं शिकले. पिस्तुलवाल्या तरण्या हेरांच्या गोष्टीही वाचल्या, पण त्यांत म्हातारी येते ती फक्त दार उघडायला. आणि ही सगुणाआत्या! गुडघे दुखतात, दात दोन, हातात अडकित्ता. पण गावाचं पोट तिच्यापुढं उघडं. कारण म्हातारीपुढं माणसं बोलतात ती जात्यापुढं बोलल्यासारखी. जातं काय कुणाला सांगायला जातंय? वाचताना वाटलं, अगं बाई, हे तर मी जन्मभर करत आले! याला हेरगिरी म्हणतात एवढंच ठाऊक नव्हतं. (आमच्या घरात त्याला चोंबडेपणा म्हणतात.)

तर झालं असं. दिवाळीनंतर शेजारच्या भागूबाईच्या नातवाचं बारसं झालं. आपली सारजा दिवसभर तिथं पुरण वाटायला होती. पुढं संक्रांतीला भागूबाईनं नथीची डबी उघडली, तर डबी रिकामी! बारशाला चुलीपुढं बसताना नथ उतरवली आणि डबीत ठेवली, असं ती शपथेवर सांगे. विहिरीवर कुजबूज सुरू झाली, आणि एक दिवस भागूबाई माझ्या तोंडावरच म्हणाली, “परक्याची पोर हाय, तिच्या मनातलं काय सांगावं?” सारजा त्या दिवशी जेवली नाही. बाई, माझ्या चष्म्याच्या आत पाणी आलं. पोर तुमची असली तरी अब्रू माझ्या घरची. पदर खोचला.

पुस्तकात ज्याच्यावर कुणाचा संशय नसतो तोच चोर निघतो. म्हणून मी आधी आमच्या ह्यांनाच धरलं. गरीब माणूस, बारशाला जेवून पान खाऊन परत आला, एवढाच त्याचा दोष. पटका सोडून झटकला, तर आतून तपकिरीची डबी पडली. (तपकीर सोडल्याची देवापुढं शपथ घेतली होती. म्हणजे एक गुन्हा तर उघडकीस आलाच.)

मग मात्र सगुणाआत्यासारखी शहाणी झाले. कापूस घेऊन भागूबाईच्या ओसरीवर वाती वळत बसले आणि तिला बोलू दिलं. बोलता बोलता विचारलं, डबी कुठं असते गं? “ट्रंकंत.” ट्रंकेची किल्ली? “ह्येंच्या करगोट्याला.” आणि बारशादिवशी तुझे महिपतराव कुठं होते? “कारखान्यावर. उसाची पाळी आली म्हून सकाळीच गाडी घिऊन गेलं व्हतं...” एवढं बोलली आणि तिच्या हातातली वात अर्धी राहिली. मी म्हटलं, कुलूपबंद ट्रंकेतल्या डबीत नथ शिरली कशी? तुझ्या हाताशी काय होतं ते आठव. “वटीचं खण... अगं बया! घडीत खवली की गं मी!”

आता पुढचं मी तुम्हाला काय शिकवावं? ओटीत आलेला खण आपल्याकडं शिवतं कोण? हिच्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून आणखी तिसरीकडं. घडी तर कुणी मोडतच नाही, मोडली तर पुढं देता यायचा नाही. बारशाला तो रंगूबाईच्या ओटीत गेला, तिनं आक्काबाईला दिला, आणि असा माग काढत काढत मी थेट नथीपर्यंत पोचले.

भागूबाईनं काल विहिरीवर चारचौघींत सारजाचे हात धरले. “पोरी, माझी जीभ झडू दे,” म्हणाली, आणि तिची ओटी भरली. (खण नवा होता. मी घडी उलगडून पाहिली.) गाव आता मला सगुणाआत्या म्हणतं. नथ आहे कुठं, असं जो तो विचारतो. मी बोलत नाही. पुस्तकातली आत्या तरी शेवटच्या पानाआधी कुठं बोलते? बाजाराच्या दिवशी आणून दाखवीन, असा शब्द मात्र देऊन बसले आहे.

आबाजीरावांना नमस्कार, लेकरांना पापा.

तुमची विहीण,
प्रयागबाई

ता. क. आक्काबाईनं तो खण माझ्या ओटीत घातला होता. हिरवा, तांबड्या काठाचा. तुम्ही पुस्तकं घेऊन आला होता तेव्हा “खास तुमच्यासाठी पेठेतून मागवला” म्हणून मी ज्यानं तुमची ओटी भरली, तोच. नवा म्हटलं ते काही खोटं नव्हे, कुणीच शिवला नव्हता. तर ट्रंक उघडा, घडी उलगडा आणि नथ हे पत्र आणणाऱ्या तुमच्या जावयाजवळ द्या. खण तुम्हालाच ठेवा. इकडं आला तर फिरून माझ्याच ओटीत यायचा.

आणखी ता. क. तुम्हीही तो पुढं सरकवला असेल तर लाजू नका, फक्त कुणाला दिलात ते आठवून ठेवा. आणि सगुणाआत्याचं चौथं पुस्तकही आणून ठेवा. मी कापूस घेऊन उद्याच्या एस.टी.नं बारामतीला येते.