फांदीने दोघांना पेलले असते

मी, कोंडीराम सावळा गायकवाड, वय ६७, राहणार कोळवण, तालुका मुळशी, हे मृत्युपत्र पिरंगुटच्या एका दवाखान्यातल्या खाटेवरून सांगत आहे. मुलगी धम्मदीपा लिहून घेत आहे. उद्या माझा पाय कापणार आहेत. डॉक्टर खात्री देत नाहीत. डोके शाबूत आहे, कोणाचा दाब नाही. फक्त जे झाले त्यावर अजून विश्वास बसत नाही.

राहते घर व मागची भातखाचरे पत्नी इंदूबाईची, तिच्या माघारी धम्मदीपाची. भावकीने हक्क सांगू नये. घर बांधताना त्यांनी वीटसुद्धा उचलली नव्हती.

काजळी कुत्री इंदूबाईजवळ राहील. तिला साखळी घालू नये. तिचा जोडीदार भुंगा याला बांधावर पुरले आहे, तिथे नांगर नेऊ नये.

माझा भाला कोणालाही देऊ नये. त्याची पहार करून विहाराच्या आवारात झाडे लावावीत.

आता पुण्याचे विठ्ठलराव निगडे. भात खाणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची परवानगी निघाली की ते आपली परवान्याची बंदूक घेऊन येत. रान मी दाखवायचो, कुत्री माझी. तीस वर्षे एका ताटात जेवलो.

गेल्या आठवड्यात कुत्र्यांनी डोंगरात एक सुळेवाला नर करवंदीच्या जाळीत कोंडला. विठ्ठलरावांची गोळी त्याला नुसती चाटून गेली. डुक्कर सरळ अंगावर आले. विठ्ठलराव जांभळीवर चढले. मी खालून हात वर केला.

"विठ्ठलराव, हात द्या!"

त्यांनी बंदुकीचा दस्ता माझ्या बोटांवर हाणला. "कोंडिबा, खालीच थांब! फांदी मोडेल!"

फांदी माझ्या मांडीएवढी जाड होती. डुकराने मांडी फाडली. भुंगा मध्ये पडला तो मेलाच. काजळी डुकराच्या कानाला लोंबकळली म्हणून ते मला सोडून पळाले. वरून दुसरा बार झालाच नाही.

इथे धम्मदीपाने पेन खाली ठेवले. "आबा, काका तर म्हणाले, त्यांनी गोळी झाडून तुम्हाला वाचवलं. मी पाया पडले त्यांच्या!"

"लिही."

"हे मृत्युपत्रात कशाला?"

"मंग कुटं लिवायचं? मी मेल्यावर त्यांचंच खरं व्हईल."

मांडी का दुखते ते मला समजते. बोटांचे समजत नाही.

विठ्ठलरावांवर खटला करू नये. त्यांनी मला खांदा देऊ नये. त्रिशरण म्हणताना मागे उभे राहिले तर हरकत नाही.

साक्षीला शेजारचा शंभू होता, दुसरा माणूस हवा होता. विठ्ठलराव फळे घेऊन बाहेर बसले होते, त्यांनाच आत बोलावले. धम्मदीपाने सगळे मोठ्याने वाचले. त्यांनी फळांची पिशवी खाटेखाली सरकवली. मग म्हणाले, "कोंडिबा, सही कुठं करू?"

ठिकाण : पिरंगुट. दि. ९ नोव्हेंबर २०२४.

लिहून देणार : कोंडीराम सावळा गायकवाड (डावा अंगठा, उजव्या हाताची बोटे बांधलेली आहेत)

साक्षीदार : शंभू धोंडू मारणे, शेजारी, कोळवण

साक्षीदार : विठ्ठलराव निगडे, पुणे. मजकूर ऐकला. खरा आहे.