आखूड केलेली रायफल आणि सुष्मिताचा सांभाळ

मी, प्रभुलिंग बसाप्पा शेटे, वय ६४, धंदा लेथकाम, राहणार जवाहरनगर, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलांनी घालायला लावला. खुशी काही नाही, पण डोके ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे आणि डॉक्टर आता पुढच्या दिवाळीचे नाव काढत नाहीत.

१. राहते घर, उद्यमनगरातील वर्कशॉपचा गाळा आणि बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी सुष्मिता हिच्या नावे करतो. स्नायूंच्या आजाराने तिचे हातपाय गेले आहेत. घराबाबत काहीही करायचे झाल्यास तिला विचारूनच करावे. तिची जीभ शाबूत आहे, हे विचारणाऱ्याला कळेलच.

२. लेथ मशीन माझा जुना सोबती सयाजी याला द्यावे. त्याने आतातरी वेळच्या वेळी तेल घालावे.

३. एअर रायफल. ही मूळची वडिलांची. पेठ वडगावच्या शेतात ते तिने वानरे हाकलत. सुष्मिता याच रायफलीवर नेम धरायला शिकली आणि कॉलेजात असताना तिने बक्षिसेही आणली. पुढे हात लटपटू लागले, नळीचे वजन पेलेना. ती म्हणाली, “आप्पा, हिला आखूड करा की.” मी रायफलीचा बुलपप केला, म्हणजे यंत्र दस्त्यात बसवलेली आखूड घडण. दस्ता कापला, यंत्र मागे गालाखाली घेतले, घोडा पुढे आणला. सगळे वजन खांद्याशी आले. पोरीने रायफल उचलली आणि हसली. मग घोडा ओढू लागली, तर तो हलेना. पुढचा घोडा मागच्या यंत्राला जोडायला मी लांब सळई घातली होती, त्या सळईमुळे घोडा जड झाला होता. मी हातांचे बघितले, बोटाचे बघितलेच नाही. मग सळई घासली, पिना बदलल्या, बारीक बेअरिंग बसवले. घोडा नुसत्या स्पर्शाने सुटू लागला तोवर तिचे बोट गेले होते. या रायफलीतून तिने एकही छर्रा उडवलेला नाही.

४. धाकटा भाऊ मल्लिकार्जुन याने त्या वर्षी खंडेनवमीला रायफल पूजेतून उचलून बाहेर ठेवली. “तोडलेलं हत्यार पूजेला चालत न्हाय, वडलांची वस्तू नासलीस,” म्हणाला. तेव्हापासून बोलणे बंद आहे. त्याला दस्त्याचा कापलेला तुकडा द्यावा. तो वडिलांच्या हातचा आहे, पूजेला चालेल.

५. सुष्मिताला उठवणे, अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे तिची आई गेल्यापासून मी करतो. कामाला ठेवलेल्या बायका टिकत नाहीत. वृद्धाश्रमवाले वय कमी म्हणतात, दवाखानेवाले म्हणतात, ही बरी होणारी नाही, ठेवून काय करू. मला मरणाची भीती नाही. आपल्यामागे पोरगी पाण्यावाचून पडून राहील, याची फार भीती वाटते. जो तिला सांभाळेल त्याला रायफल द्यावी, असे मी लिहायला घेतले होते. तिला वाचून दाखवले. ती म्हणाली,

“आप्पा, बंदुकीच्या नादानं कोण ऱ्हाणार हाय? आता मला नेम नगं. नाकावर माशी बसली तर हाकलायला माणूस पायजे.”

ते वाक्य मी खोडले. रायफल सुष्मिताच्याच खोलीत राहू द्यावी.

६. माझ्या पश्चात सुष्मिताचा सांभाळ ........................ यांनी करावा.

वरील जागा चुकून राहिलेली नाही. नाव मिळाल्यास साक्षीदारांसमक्ष भरीन. न मिळाल्यास हे मृत्युपत्र असेच खरे धरावे.

साक्षीदार:
१. सयाजी पिराजी चौगुले (सही)
२. अनुजा राजवीर भोसले, शेजारी (सही)

प्रभुलिंग बसाप्पा शेटे (सही)
स्थळ: कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५