हाकेला ओ

५ ऑक्टोबर १९९७

अवधूत, उशिरा लिहायला घेतोय, राग मानू नकोस. रोज चार ओळी लिहा, परत आल्यावर वाचीन, असं सांगून तू विमानाला गेलास आणि मी वही मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो. सातवी नापास माणसाचं अक्षर तू वाचणार, याचीच लाज वाटली.

मजेत आहे. यशवंतपूरला गाडीतून उतरलो तेव्हापासून इथली हवा मानवलीय. कोरमंगल्यातलं तुझं हे वरच्या मजल्यावरचं घर छान उजेडाचं आहे. तुझी आई असती तर आधी पडदे शिवले असते. अनुसूयेला उघडी खिडकी खपत नसे. खालच्या घरमालकीण रत्नाबाई पिढ्यान्पिढ्या इथल्या, पण घरात मराठी. "अण्णा, स्वल्प सारू घ्या," म्हणून वाटी पाठवतात. सारू म्हणजे आपलं सारच, जरा तिखट.

कॉम्प्युटर चालू आहे. तू सांगितलेलं पाठ केलंय. लिनक्स फुकट मिळतं, जगभरातली माणसं ते दुरुस्त करतात, आणि त्यातला डिस्कचा ड्रायव्हर तू वर्षभर दुरुस्त करतोयस. ड्रायव्हर डिस्कला हाक मारतो. ओ आली की वाचतो, लिहितो. नाही आली तर पुन्हा हाक. डिस्क जुनी झालीय, एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही, म्हणून बटणाला हात लावायचा नाही. लावणार नाही.

१० ऑक्टोबर

आज खंडेनवमी. इथे आयुधपूजा म्हणतात. गल्लीत प्रत्येक स्कूटरला झेंडू, चाकाखाली लिंबू. रत्नाबाई वर आल्या. म्हणाल्या, "अण्णा, पोराच्या मशिनीला आज तरी विश्रांती द्या की! चालत्या मशिनीला कुंकू लावतात होय?"

मिरजेच्या पिठाच्या गिरणीत जन्मभर मी आजच्या दिवशी पट्टा उतरवूनच पूजा केली. हात आपोआप गेला. बटण बंद केलं, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. खोबरं हातात घेतल्यावर तुझे शब्द आठवले.

लगेच चालू केलं. आत एकदा टक् झालं. मग काही नाही.

११ ऑक्टोबर

दसरा. रत्नाबाईंकडे तुझा फोन आला. मशीन ठीक आहे ना, विचारलंस. मी ठीक म्हणालो. सोनं द्यायच्या दिवशी पोराशी खोटं बोललो. जेवण गेलं नाही.

१३ ऑक्टोबर

तुझ्या ऑफिसातल्या भार्गवीला मीच बोलावलं. तुला कळवू नको म्हणून तिच्या विनवण्या केल्या. पुण्याची पोर, बडबडी. कुंकू बघून हसली, "अप्पा, फॅनलापण हळद? लग्न लावताय का याचं?" मग मशीनचा डबा उघडला. म्हणाली, तुझं वर्षाचं काम या एकाच डिस्कवर आहे, दुसरी प्रत नाही. महिनाअखेर दिलं नाहीस तर नोकरी जाईल. डिस्क काढून ती ऑफिसात तपासायला घेऊन गेली. मशीन फ्लॉपीवरून चालू ठेवली, ड्रायव्हर काय म्हणतो ते संध्याकाळपर्यंत बघू म्हणाली.

भर दुपारी मी एकटा. स्क्रीनवर तीच ओळ, पुन्हा पुन्हा; एच-डी-ए हे डिस्कचं नाव, भार्गवीने सांगितलेलं. एच-डी-ए, उत्तर नाही. एच-डी-ए, उत्तर नाही. ड्रायव्हर रिकाम्या जागेला हाका मारत होता. आई सांगायची, हाक मारणारा दिसत नसेल तर ओ देऊ नये. पण अपराध माझा होता. मला बघवेना. मी "ओ" म्हणालो.

ओळ थांबली.

१४ ऑक्टोबर

भार्गवी काल आलीच नाही, आज आली. डिस्क मेली, हेच सांगायला. आणि स्क्रीनवर तुझ्या सगळ्या फायली!

"अप्पा, डिस्क तर माझ्या बॅगेत आहे. मग हे वाचतंय कुठून?" बॅगेतून काढून दाखवलीसुद्धा. मग म्हणाली, ते नंतर, आधी उतरवून घेऊ. फ्लॉप्यांचा ढीग घेऊन बसलीय, काही दिवस लागतील. मी आनंदाने रडलो. रिकाम्या डब्यातून घरघर येत होती, आपल्या गिरणीसारखी.

१६ ऑक्टोबर

गिरणीचा पट्टा कोणत्या बाजूने चढवायचा, आठवेना. हात हवेत फिरवून पाहिला. म्हातारपण.

भार्गवी म्हणाली, हरवून सापडलेल्या तुकड्यांचा एक कप्पा असतो, त्यात रोज नवीन काही येतंय. अवधूतचं नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी आहे, कुणी पडदे शिवतंय, कुणी गिरणीच्या जात्याला टाकी लावतंय. मग विचारलं, "अप्पा, अनुसूया कोण?"

मी म्हणालो, ओळखत नाही.

ती गेल्यावर वही चाळली. ते नाव पहिल्याच पानावर आहे, तुझ्या आईचं.

१७ ऑक्टोबर

घरघर झाली की माझ्यातलं काहीतरी निघून जातं. भार्गवीला सांगितलं तर ती थांबेल. काम अर्धंच उतरलंय. बटणापर्यंत हात नेला — एकदा बंद केलं होतं — पुन्हा नाही. सांगत नाही. लाज —

१९ ऑक्टोबर

खालच्या बाईंनी फोनला बोलावलं. पलीकडे कुणीतरी अप्पा, अप्पा म्हणत होता. दिसत नव्हता. आई सांगायची — ओ दिली नाही. तो रडायला लागला. ठेवून दिला.

२१ ऑक्टोबर

पोर म्हणते शेवटची फ्लॉपी. कुणाचं तरी मोठं काम वाचलं. बरं झालं.

माझ्या हातून काही वाईट झालंय. काय ते नाही — लाज तेवढी राहिलीय. ती उतरत नाही.

वहीत पहिलं नाव अवधूत. त्यांना लिहीत होतो, म्हणजे भले असतील. अवधूतराव, तुमचं काम होत आलं. मी तुमचा कोण, तेवढं लवकर कळवा. उशीर नको — पत्ता, गाडीतून उतरलो ते — खिडकीला पडदे नाहीत, फार उजेड —

फ्लॉपी घातली. घरघर — कळवा, मी